पिशवीत काय आहे?

मी बनवलेलं पहिलं मोठं शैक्षणिक साहित्य म्हणजे एक शब्दचक्र. पुठ्ठ्याच्या तीन गोल चकत्या, लहानमोठ्या, एकीवर एक. एकीवर कर्ता, दुसरीवर क्रियापद, तिसरीवर कर्म आणि मधोमध खिळा. चकत्या फिरवल्या की 'माय फादर रीड्स अ बुक', 'द डॉग ड्रिंक्स मिल्क' अशी वाक्यं जुळून यायची. तीन रात्री जागून ते रंगवलं होतं. केंद्राच्या शिक्षण परिषदेत कौतुक झालं, दोघांनी फोटोही काढून नेले. चौथीच्या वर्गात नेल्यावर मुलांनी ते भोवऱ्यासारखं गरगर फिरवलं आणि कोण जास्त वेळ फिरवतं याची पैज लावली. एकदा चकत्या थांबल्या तेव्हा 'द डॉग रीड्स अ बुक' असं वाक्य आलं. कोणी हसलं नाही. मी मराठीत सांगितलं, तेव्हा हसले. तासाभरात एकाही मुलाच्या तोंडून स्वतःचं असं एक इंग्रजी वाक्य आलं नाही. चौथ्या दिवशी खिळा निघाला आणि चक्र कपाटात गेलं.

पुढच्या आठवड्यात एका दिवशी माझी काहीच तयारी नव्हती. बाजाराची कापडी पिशवी हाताशी होती. तिच्यात कुलूप, कांदा, कंगवा आणि खडूचा तुकडा टाकला आणि वर्गात म्हणालो, आत काय आहे ते ओळखा. विचारायचं इंग्रजीत, मी उत्तर देणार फक्त 'यस' किंवा 'नो'. फळ्यावर एकच साचा लिहिला: 'इज इट...?' सुरुवातीला 'इज इट अ पेन?', 'इज इट अ बॉल?' असा गोळीबार झाला. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की अशानं दिवस संपेल. 'इज इट बिग?' आलं, 'इज इट हार्ड?' आलं. मागच्या ओळीतला एक मुलगा, जो इंग्रजीच्या तासाला खिडकीबाहेर बघायचा, तो उठून म्हणाला, "सर, खायची गोष्ट आहे का, हे कसं विचारायचं?"

मी 'कॅन वुई ईट इट?' फळ्यावर लिहिलं. ते वाक्य त्या वर्गाला पुन्हा कधी शिकवावं लागलं नाही.

चक्रात सगळं उघड होतं. कर्ता तयार, क्रियापद तयार, वाक्यही चक्रच जुळवून देणार. मुलांनी करायचं काय, तर फिरवायचं. पिशवीनं मात्र काहीतरी लपवलं होतं आणि ते बाहेर काढायला इंग्रजीशिवाय दुसरा चिमटा नव्हता. या प्रकरणात साहित्याची जी उदाहरणं येतील, ती याच एका कसोटीवर घासून बघू: हे साधन मुलापासून काय लपवतं?

दाखवणाऱ्या साधनांचा इतिहास मोठा आणि मानाचा आहे, हे आधी कबूल करायला हवं. मोराव्हियातल्या कोमेनियस या शिक्षकाचं 'ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस' हे पुस्तक १६५८ साली न्यूरेंबर्गमध्ये छापलं गेलं. मुलांसाठीच्या सचित्र पाठ्यपुस्तकांचा तो मूळपुरुष. चित्रातल्या प्रत्येक वस्तूला आकडा आणि खाली त्याच आकड्यासमोर लॅटिन आणि जर्मन शब्द. शब्द घोकायचा तो वस्तू डोळ्यांसमोर ठेवून, हा त्या काळी मोठाच बंडखोर विचार होता. आपल्या वर्गातले फळांचे, प्राण्यांचे, वाहनांचे तक्ते म्हणजे त्याच पुस्तकाचे वंशज. पण तक्त्याचं काम पहिल्या भेटीत होतं. आंब्याखाली 'मँगो' लिहिलेलं एकदा वाचलं की तक्त्याकडे सांगण्यासारखं काही उरत नाही. वर्षभर तो भिंतीवर टांगलेला राहतो आणि मुलांच्या लेखी भिंतीचाच भाग होतो. तोच तक्ता कात्रीनं कापून चित्रं एका बाजूला, नावं दुसऱ्या बाजूला केली, दोन नावं हरवून टाकली आणि एक नाव चुकीचं घातलं, की तो पुन्हा जिवंत होतो. चूक शोधायला मुलांना फार आवडतं, विशेषतः गुरुजींची.

इंग्रजी शिकवण्याच्या बाबतीत ही गोष्ट ज्यांनी सर्वांत पद्धतशीरपणे मांडली, ते आपल्याच देशातले. एन. एस. प्रभू यांनी १९७९ मध्ये बंगळूरला एक प्रयोग सुरू केला आणि पुढे पाच वर्षं तो दक्षिणेतल्या आणखी काही शाळांमध्ये चालला. जगभरच्या भाषाशिक्षणाच्या पुस्तकांत तो 'बंगळूर प्रकल्प' म्हणून ओळखला जातो. शाळा साध्या होत्या, महागड्या साधनांचा प्रश्नच नव्हता. प्रभूंचं म्हणणं असं, की मुलाचं लक्ष अर्थाकडे, काहीतरी सोडवण्याकडे लागलेलं असतं तेव्हा भाषेचे नियम त्याच्या मनात आपोआप रुजतात. म्हणून वर्गात व्याकरणाचा पाठ नाही, तर 'काम' द्यायचं. रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा, नियमांची यादी समोर ठेवायची आणि प्रश्न सोडवायला लावायचे. आधी शिक्षकानं तसंच एक काम सगळ्या वर्गाबरोबर बोलत बोलत करायचं, मग मुलांनी दुसरं काम आपलं आपण करायचं. आणि तपासताना बघायचं ते उत्तर बरोबर आलं का, वाक्य शुद्ध आहे का ते नाही.

प्रभूंनी या कामांमध्ये तीन प्रकारच्या 'दऱ्या' सांगितल्या. एकाकडे असलेली माहिती दुसऱ्याकडे नसते, ती पहिली. दिलेल्या माहितीवरून विचार करून नवी माहिती काढायची, ती दुसरी. आणि स्वतःचं मत किंवा आवड सांगायची, ती तिसरी. त्यांचा कल दुसरीकडे अधिक होता. गट किंवा जोड्या पाडण्याला मात्र ते फारसे अनुकूल नव्हते, कारण मुलं एकमेकांची मोडकी भाषाच उचलतील अशी त्यांना शंका होती. इथे मला त्यांच्याशी थोडा वाद घालावासा वाटतो. तीसचा पट असेल तर पस्तीस मिनिटांच्या तासात प्रत्येक मुलाला शिक्षकाशी बोलायला एक मिनिट मिळतं. जोडीत बोलताना भाषा मोडकी का होईना, निदान तोंड उघडतं.

रेल्वे आमच्या मुलांच्या रोजच्या ओळखीची नाही, एसटी आहे. म्हणून मी एसटीचं वेळापत्रक घेतो. गावाहून तालुक्याला जाणाऱ्या चार गाड्या, तालुक्याहून जिल्ह्याला जाणाऱ्या सहा, सुटण्याच्या आणि पोचण्याच्या वेळा, सगळं एका कागदावर. खाली इंग्रजीत तीन ओळींची चिठ्ठी: मामाचं लग्न जिल्ह्याच्या गावी, मुहूर्त १२.३५चा, आजीला स्टँडवर अर्ध्या तासापेक्षा जास्त बसवत नाही. कोणती गाडी धरायची? मुलं अक्षरशः भांडतात. कोणी म्हणतं पहिली गाडी, म्हणजे हळदही बघायला मिळेल. कोणी म्हणतं तेवढ्या लवकर आजी उठणार नाही. 'लीव्ह्ज', 'रीचेस', 'बिफोर', 'आफ्टर', 'टू लेट' हे शब्द त्या भांडणात इतक्या वेळा येतात की वेगळा सराव लागत नाही. भांडण मराठीत सुरू होतं, हे खरं. मी ते थांबवत नाही. विचार मराठीत करा, निर्णय इंग्रजीत सांगा, एवढाच नियम. 'नो मराठी' अशी पाटी लावलेल्या वर्गात इंग्रजी वाढतं असा माझा अनुभव नाही. शांतता मात्र वाढते.

पहिल्या प्रकारच्या दरीसाठी आठवडी बाजार पुरतो. एकाच बाजाराच्या दोन याद्या करायच्या. 'अ' यादीत कांदे, वांगी, मिरचीचे भाव लिहिलेले, लसूण, बटाटे, कोथिंबिरीचे रिकामे. 'ब' यादीत बरोबर उलट. दोघांनी विचारून आपापली यादी पुरी करायची. हे साधन बनवायला दहा मिनिटं लागतात आणि फसायला दहा सेकंद, कारण मुलं सरळ एकमेकांच्या कागदात डोकावतात. पाठीला पाठ लावून बसवलं की डोकावणं बंद होतं आणि आवाज चढतो. द्विशिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन वर्ग बसत असतील, तर शेजारच्या बाईंची आधी परवानगी काढून ठेवावी.

आता व्याकरण. प्रभूंनी ते वर्गाबाहेर ठेवलं, मला ते अधूनमधून हातात धरून दाखवावंसं वाटतं, कारण मराठी मूल इंग्रजीत नेमकं कुठे अडखळणार हे आपल्याला आधीच माहीत असतं. मराठीत क्रियापद शेवटी: मी आंबा खातो. इंग्रजीत ते मध्ये. मराठीत 'डब्यात', 'डब्यावर', 'डब्याखाली' असं शब्दाच्या मागे चिकटतं, इंग्रजीत 'इन', 'ऑन', 'अंडर' पुढे येऊन उभे राहतात. खडूचा डबा आणि एक खडा एवढ्यावर हा भाग भागतो. खडा लपवायचा आणि कुठे आहे ते विचारायचं.

प्रश्न करण्याची गोष्ट अवघड. 'तो आंबा खातो' याला मराठीत 'का' जोडला की प्रश्न झाला. इंग्रजीत 'डझ' नावाचा एक पाहुणा पुढे येऊन बसतो आणि येताना क्रियापदाचा 'एस' काढून घेतो. ही देवाणघेवाण शब्दांत सांगितली तर सातवीपर्यंत मुलं 'डझ ही ईट्स' म्हणत राहतात. यावर मला कपडे वाळत घालायच्या चिमट्यानं तारलं. मुलांच्या गळ्यात शब्दपट्ट्या अडकवायच्या: 'ही', 'ईट', 'अ मँगो'. 'ईट' झालेल्या मुलाच्या बाहीला 'एस' लिहिलेला चिमटा. वाक्य वाचून झालं की दाराबाहेर उभा असलेला 'डू' आत येतो, 'ईट'च्या बाहीचा चिमटा काढून स्वतःच्या बाहीला लावतो आणि 'डझ' होऊन रांगेच्या पुढे उभा राहतो. चिमटा एकच आहे, दोघांकडे असूच शकत नाही. पुढे कोणी 'डझ ही ईट्स' म्हणालं की मी काही बोलत नाही, नुसती बाही चिमटीत धरतो. वर्ग ओरडतो, "चिमटा!"

उच्चारांसाठी लागणारं साधन याहून स्वस्त: एक छोटा आरसा. मराठीत 'व' एकच, इंग्रजीत 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन. 'व्हॅन' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागलेले आरशात दिसतात, 'वन' म्हणताना ओठांचा चंबू दिसतो. 'झेड'चं उलट आहे. ते आपल्याकडे जवळपास आहेच आणि आपण वापरत नाही. 'जीवन' आणि 'जरा' यांतले दोन 'ज' मराठी मूल बिनचूक वेगळे बोलतं. 'जरा'मधला ज घ्या, जीभ थोडी सैल सोडा, 'झिप' आणि 'झू' बऱ्यापैकी जमतात. 'झेब्रा'तला झणझणीत 'झ' हा आपल्या लिपीनं केलेला घोटाळा आहे. मुलाच्या जिभेला त्याचा दोष नाही.

शब्दसंग्रहाच्या बाबतीत तर मुलं वर्गात रिकाम्या हातानं येतच नाहीत. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, पण खेड्यात इंग्रजी त्याच्या कितीतरी आधी येऊन बसलं होतं: मोटर, पंप, ट्रॅक्टर, स्टँड, तिकीट, कुकर, इंजेक्शन, विकेट. पहिल्याच आठवड्यात मुलांना घरातले आणि शेतातले असे शब्द गोळा करायला सांगावं. भिंतीवर जागा कमी पडते. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी १९६३च्या 'टीचर' या पुस्तकात हेच सांगितलं आहे. त्या मुलालाच विचारायच्या, तुला कोणता शब्द हवा? तो शब्द कार्डावर लिहून त्याच्या हातात द्यायच्या. जो शब्द मुलाच्या आतून आला तो एका नजरेत लक्षात राहायचा, बाकीचे गळून पडायचे. आमच्या भिंतीवर यातूनच एक खेळ निघाला. 'हॉटेल', 'लाइट' आणि 'बोअर' हे शब्द इंग्रज माणसाला सांगितले तर त्याला काय समजेल? आपण हॉटेलात वडापाव खायला जातो, तो राहायला जातो. आपली लाइट जाते म्हणजे वीज जाते. आणि आपला बोअर शेतात असतो, त्याचा मात्र जिथे गप्पा चालतात तिथे. शब्द ओळखीचा, पण अर्थ लपलेला. पुन्हा पिशवीच.

वाचनाच्या साहित्यात सगळ्यात जास्त चुकतं ते नव्या शब्दांचं माप. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्याला होते. वर्षानुवर्षं इंग्रजी शिकूनही बंगाली मुलांना साधं पुस्तक वाचता येत नाही, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी १९२०च्या दशकात वाचनपुस्तकं नव्यानं लिहून घ्यायला सुरुवात केली: क्वचित येणारे पुस्तकी शब्द काढून नेहमीचे घालायचे, नवे शब्द एकदम न ओतता अंतरा-अंतरानं आणायचे आणि आणलेला शब्द पुन्हा पुन्हा भेटेल असं बघायचं. त्यांची सुमारे २००० शब्दांची 'जनरल सर्व्हिस लिस्ट' १९५३ मध्ये आली आणि कितीतरी देशांतली पाठ्यपुस्तकं तिच्या आधारानं लिहिली गेली. आपण स्वतः गोष्ट लिहितो तेव्हा हे विसरतो. एका परिच्छेदात बारा नवे शब्द घालतो आणि खाली शब्दार्थांची यादी देतो. मूल यादी पाठ करतं आणि गोष्ट वाचतच नाही. मी आता पानाला तीन नव्या शब्दांवर थांबतो, त्यातले दोन चित्रावरून ओळखता येतील असे.

मोठं पुस्तक ही आणखी एक चांगली युक्ती. डॉन होल्डवे यांनी १९७०च्या दशकात न्यूझीलंडमध्ये ती रुजवली. घरी मूल मांडीवर बसून आईबरोबर पान बघतं, तसं सगळ्या वर्गाला एकदम बघता यावं म्हणून पुस्तकच एवढं मोठं करायचं. आपल्याकडे त्यासाठी जुनी कॅलेंडरं उत्तम. कालनिर्णयच्या मागे मजकूर असतो, ते वाचायला ठेवावं. पण पतसंस्थेचं, खताच्या दुकानाचं कॅलेंडर पुढे देवाचं चित्र आणि मागे कोरं असतं. बारा पानं, जाड कागद, वर टांगायची पट्टी तयार. प्रत्येक पानावर मोठ्या अक्षरात एक वाक्य. चित्र मुलांनी काढायचं. शेवटचं पान मी मुद्दाम कोरं सोडतो. गोष्ट तिथे मुलं पुरी करतात आणि दरवर्षी वेगळी करतात. आमची हरवलेली शेळी एका वर्षी विहिरीत सापडली, एका वर्षी तिला पिल्लं झाली आणि एका वर्षी ती पुण्याला गेली. ज्यांना हातानं लिहिणं शक्य नाही त्यांच्यासाठी प्रथम बुक्सचं 'स्टोरीविव्हर' हे २०१५ पासूनचं खुलं व्यासपीठ आहे. तिथे बरीच पुस्तकं मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही मिळतात, छापायलाही मोकळीक आहे. मराठी गोष्ट आधी वाचून घ्यायची, मग इंग्रजी पानं उलटसुलट करून क्रम लावायला द्यायची. गोष्ट माहीत असल्यामुळे मूल शब्दांना घाबरत नाही.

आणि मोबाइल? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, पुढे राज्याच्या पुस्तकांत ते आले आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. त्यांच्या कामातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट कोडची नाही. मुलांची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तक त्या भाषेत नव्हतं, म्हणून त्यांनी ते मुलांच्या भाषेत नेलं, ती आहे. वर्गात एकच फोन असेल तर मी तो दाखवायला कमी आणि ऐकवायला जास्त वापरतो. सुट्टीवर आलेला फौजी, बँकेतल्या मॅडम, दवाखान्यातली नर्स यांच्याकडून अर्ध्या मिनिटाचं इंग्रजी बोलणं रेकॉर्ड करून आणायचं. हे कोण, कुठे काम करतात, ओळखा. पडदा काळाच ठेवायचा. आवाजाची पिशवी.

लिहिण्याबद्दल फार बोलत नाही. 'माय स्कूल'वर दहा ओळी पाठ करून लिहिणं म्हणजे लिहिणं नव्हे, एवढं सगळ्यांनाच माहीत आहे. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२०च्या दशकात वर्गात छपाईयंत्र आणलं. आपलं लिखाण दुसऱ्या गावची मुलं वाचणार म्हटल्यावर मुलं जीव ओतून लिहू लागली. आमच्याकडे बुटांच्या खोक्याला फट पाडून केलेली पोस्टाची पेटी आहे. मुलं मला चिठ्ठी टाकतात, मी उत्तर टाकतो. त्यांच्या चुकीच्या वाक्याला लाल शाई लावत नाही, उत्तरात तेच वाक्य बरोबर करून वापरतो. काहींच्या ते लक्षात येतं, काहींच्या येत नाही. पत्रं मात्र येत राहतात.

गेल्या पावसाळ्यात पिशवीचा खेळ आम्ही उलटा केला. वस्तू मुलांनी आणायची, ओळखायची मी. खिडकीबाहेर बघणाऱ्या त्या मुलाचा धाकटा भाऊ आता चौथीत आहे. त्याने पिशवी आणली, तिचं तोंड दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. मी विचारलं, लाकडाची आहे का? 'यस.' खेळायची? 'नो.' स्वयंपाकघरातली? 'नो.' भोक आहे का? वर्गानं एका सुरात 'यस' म्हटलं, म्हणजे सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं होतं. मी हरलो. मग त्यांनी मला खुणा दिल्या. 'इट इज फॉर सीड्स.' 'माय फादर होल्ड्स इट.' 'द बुल्स वॉक.' एकानं मूठ उघडझाप करत दाणे सोडून दाखवले. तरी मला येईना. मी शहरात वाढलो. पिशवीतून पाभरीचं चाडं निघालं, आजोबांच्या वेळचं, हात लागून गुळगुळीत झालेलं.

"सर, याला इंग्रजीत काय म्हणतात?"

मला माहीत नव्हतं. शब्दकोश काढला, त्यात समाधान होईना. शेवटी शब्दभिंतीवर एक नवी पट्टी लागली. रोमन अक्षरांत, मुलांनी सुचवलेल्या स्पेलिंगसकट: चाडं.